उसनी ऊब

रुडॉल्फ डिझेलने शिक्षण संपल्यावर नोकरी धरली ती बर्फाच्या धंद्यात. १८८० साली तो म्युनिकच्या तंत्रशाळेतून बाहेर पडला आणि पॅरिसला गेला. त्याचे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे हे शीतयंत्रांच्या शास्त्रातले मोठे नाव. त्यांच्याच कंपनीसाठी डिझेल बर्फ बनवणारी यंत्रं उभारू लागला. त्याचं पहिलं पेटंटही बर्फ बनवण्याच्या पद्धतीचं होतं. दहा वर्षांहून जास्त काळ हा माणूस पोटासाठी थंडी तयार करत होता आणि उरलेल्या वेळात एका वेगळ्या इंजिनाचा विचार करत होता.

ते इंजिन पुढे जगभर पसरलं. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, आगगाड्या, जहाजं, विहिरीवरचा पंप, सगळीकडे त्याचं नाव पोचलं. पण बर्फाच्या कारखान्यात जन्मलेल्या या कल्पनेचं थंडीशी कधीच जमलं नाही. पारा शून्याखाली वीस-तीस अंश उतरला की डिझेलचा ट्रक म्हणजे रस्त्याकडेला उभी केलेली काही टन लोखंडाची पेटी. ती पेटी पुन्हा जिवंत कशी करायची, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो वाचत गेलो तसं माझ्या लक्षात आलं की हा जितका यंत्रांचा इतिहास आहे तितकाच रात्री उठून बसणाऱ्या माणसांचाही आहे.

ठिणगी नसलेलं इंजिन

आधी अडचण काय ते समजून घेऊ. तुमच्या बाइकमध्ये स्पार्क प्लग असतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण तयार झालं की प्लग ठिणगी टाकतो आणि ते पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. त्यात नुसती हवा आत घेतात आणि ती जोरात दाबतात. दाबलेली हवा तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड चटका बसण्याइतकं तापतं, तेच तत्त्व. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. जर्मन भाषेत अशा इंजिनाला नावच ‘स्वतःहून पेटणारं’ असं आहे.

आता थोडा हिशेब करू. ट्रकच्या इंजिनात हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते. इंजिन वेगात फिरत असेल तर ती खूपच तापते. पण थंडगार इंजिन सेल्फ मारून हळूहळू फिरवताना बरीच उष्णता सिलिंडरच्या गार भिंती पिऊन टाकतात आणि थोडी हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटते. अशा वेळी हवेचं तापमान, केल्व्हिनमध्ये मोजलं तर, ढोबळमानाने दुपटीच्या आसपास जातं. पुण्यातल्या दुपारी बाहेर ३० अंश असतील तर ते झाले ३०३ केल्व्हिन. दुप्पट केले की ६०६, म्हणजे ३३३ अंश सेल्सियस. डिझेल २१०-२२० अंशांच्या आसपास स्वतःहून पेट घेऊ शकतं, त्यामुळे पुण्यात काही अडत नाही. बाहेर उणे ३० असेल तर सुरुवात २४३ केल्व्हिनपासून. दुप्पट ४८६, म्हणजे फक्त २१३ अंश. अगदी उंबरठ्यावर. गाडी पेटली तर पेटली, नाहीतर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

दुसरी अडचण इंजिन फिरवण्याचीच. उणे १८ अंशांना शिसं-आम्लाच्या बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं. म्हणजे जोर जास्त हवा आणि तो देणारी बॅटरी अर्धमेली. ऑइलच्या डब्यावर तुम्ही १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असं वाचलं असेल. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. आपल्याकडे हा आकडा फारसा कुणी बघत नाही. लेहमध्ये बघावा लागतो.

तिसरी अडचण खुद्द डिझेलची. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. डिझेलमध्येही मेण असतं. थंडी वाढली की त्याचे बारीक स्फटिक तयार होतात आणि डिझेल ढगाळ दिसू लागतं. टाकीतलं सगळं डिझेल दगड व्हायची गरज नसते. हे मेण फिल्टरच्या कागदावर थर धरून बसलं तरी इंजिनाचा घास तुटतो. आपल्या मानकांनुसार साध्या डिझेलने हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत आणि एरवी १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहावं एवढीच अपेक्षा असते. हे आकडे शून्याच्या वरचे आहेत, हे लक्षात ठेवा. आपण पुढे लडाखला जाणार आहोत.

पट्ट्यावर चाललेलं पहिलं इंजिन

डिझेलचं पहिलं इंजिन १८९३ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या कारखान्यात उभं राहिलं. पण ते स्वतःच्या बळावर चालत नव्हतं. कारखान्याच्या मुख्य दांड्यावरून पट्टा लावून ते फिरवावं लागे. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते पहिल्यांदा स्वतः फिरलं, तेही जेमतेम मिनिटभर. एरवी पट्टा इंजिनाला ओढत असे, त्या दिवशी इंजिनाने पट्ट्याला ओढलं. खरं यश यायला १८९७ उजाडलं. तेव्हाच्या चाचणीत त्याने इंधनातल्या सुमारे २६ टक्के ऊर्जेचं काम करून दाखवलं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मंही साधत नसे.

स्वतःहून पेटणाऱ्या या इंजिनाला पहिली गती मात्र बाहेरून द्यावी लागली होती, आणि तो नियम पुढे कधीच बदलला नाही. सुरुवातीची मोठी डिझेल इंजिनं सुरू करायला बाटल्यांमध्ये दाबून भरलेली हवा वापरत. जहाजांची मोठी इंजिनं आजही तशीच सुरू होतात. १९२० च्या दशकात डिझेल ट्रकमध्ये शिरलं तेव्हा सोबत ग्लो प्लग आला. ही बॅटरीवर लालबुंद तापणारी छोटी कांडी, आपल्याकडचे मेकॅनिक तिला हीटर प्लग म्हणतात. १९३१ साली अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीने डिझेलचा मोठा ट्रॅक्टर काढला, त्याच्या बाजूला एक छोटं पेट्रोलचं इंजिन बसवलं होतं. आधी ते छोटं सुरू करायचं, मग त्याने मोठ्याला फिरवायचं. पुढच्या मॉडेलांत त्या छोट्याची ऊब मोठ्याला मिळावी अशीही सोय झाली.

आपल्याकडे या इतिहासाची एक आवृत्ती शेतात पाहायला मिळाली. विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केलंय, त्यांना डिकम्प्रेशनचा खटका माहीत असतो. तो वर धरला की झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही आणि इंजिन हलकं फिरतं. पुरेसा वेग आला की खटका सोडायचा. फिरत्या चाकातला जोर मग हवा दाबतो आणि इंजिन धडधडू लागतं. निफाडकडे पारा पाच अंशांखाली गेला की याच कामात दोन माणसं घामाघूम होतात. म्हणजे ऊब उसनी द्यायची ती माणसाच्या दंडातून.

इथरचा मार्गही याच काळातला. १८४६ साली बॉस्टनमध्ये ज्या इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली, तेच इथर १६०-१७० अंशांनाच पेट घेतं. हवेच्या वाटेने त्याचा थोडा फवारा दिला की हट्टी इंजिनही उठतं. प्रमाण चुकलं तर मात्र पिस्टन फुटतो, आणि तापलेला हीटर प्लग असताना मारलं तर स्फोट होतो. इथरने सुरू होणाऱ्या इंजिनाला त्याची सवय लागते, असं जुने मेकॅनिक सांगतात. खरं तर इंजिन आतून झिजलेलं असतं आणि इथर ते झाकत असतं.

मॉस्कोच्या दारात

थंडी आणि इंजिन यांची सगळ्यात मोठी गाठ पडली ती १९४१ च्या हिवाळ्यात. जर्मन फौजा २२ जूनला सोव्हिएत संघात घुसल्या होत्या. हिवाळ्याआधी सगळं आटोपेल असा हिशेब होता. डिसेंबरात मॉस्कोजवळ पारा उणे ३० च्या खाली गेला तेव्हा त्यांचे ट्रक जागेवर थिजले. सैनिक इंजिनाखाली उघड्यावर जाळ करत. खड्डा खणून त्यात निखारे ठेवत आणि गाडी वर उभी करत. काही ठिकाणी इंजिनं रात्रभर चालू ठेवत, नाहीतर दर काही तासांनी सुरू करून तापवत. त्यात इंधन जाई, आणि इंधनाचीच तर टंचाई होती. ५ डिसेंबरला सोव्हिएत सैन्याने उलटा हल्ला सुरू केला. माघार घेताना सुरू न होणारी वाहनं जर्मनांना मागे सोडावी लागली.

ही गोष्ट ‘रशियाच्या थंडीने जर्मनांना हरवलं’ अशी सांगितली जाते. मला ती अर्धवट वाटते. थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. सोव्हिएत ट्रक बहुतेक पेट्रोलचे होते आणि तेही गोठत. फरक होता तो सवयीचा आणि तयारीचा. रात्री गाडी थांबवली की रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं, इंजिन गरम असतानाच ऑइल काढून घ्यायचं, सकाळी दोन्ही चुलीवर तापवून परत भरायचं, हे तिथल्या ड्रायव्हरच्या अंगवळणी पडलेलं होतं. टी-३४ रणगाड्यात ५०० अश्वशक्तीचं व्ही-२ हे डिझेल इंजिन होतं, आणि चालकाच्या पुढ्यात दाबलेल्या हवेच्या दोन बाटल्या. बॅटरीने मान टाकली तर हवेच्या जोरावर इंजिन फिरवायचं. ज्यांनी हे इंजिन बांधलं त्यांनी ते कुठे चालणार आहे हे आधी डोळ्यांसमोर आणलं होतं. जर्मन योजनेत हिवाळ्याला जागाच नव्हती.

भिंतीतला प्लग

युद्धानंतर उत्तर अमेरिकेने या प्रश्नाला घरगुती उत्तर काढलं. नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स गावी अँड्र्यू फ्रीमन नावाचा माणूस वीजपुरवठ्याच्या धंद्यात होता. त्याने इंजिनाच्या हेडच्या बोल्टमध्येच बसणारा विजेचा हीटर बनवला आणि १९४९ साली त्याचं पेटंट घेतलं. रात्री गाडी लावली की तिची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायची, सकाळी इंजिन कोमट. आज कॅनडात विनिपेगला किंवा एडमंटनला गेलेली आपली मुलं पहिल्या हिवाळ्यात घरच्यांना फोटो पाठवतात, त्यात गाड्यांच्या नाकातून वायरी लोंबत असतात आणि पार्किंगमध्ये खांबोखांबी प्लग दिसतात. इलेक्ट्रिक गाड्या यायच्या कितीतरी आधीपासून तिथे गाड्या रात्री प्लगला लावतात.

जिथे वीज नाही तिथे दुसरा उपाय, इंजिन बंदच करायचं नाही. अलास्कातल्या डाल्टन महामार्गावर, जो १९७४ साली तेलवाहिनीच्या बांधकामासाठी बांधला गेला, कडाक्याच्या थंडीत ट्रक थांब्यावरही गुरगुरत राहतात. सैबेरियातही हीच रीत. उभा असलेला मोठा ट्रक तासाला साधारण तीन लिटर डिझेल जाळतो. रात्रभराचे तीस लिटर एकाही किलोमीटरसाठी नसतात. सगळी किंमत फक्त सकाळी सुरू होण्याची.

ऑग्सबर्ग ते लेह

आता आपल्या थंडीकडे येऊ. सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत श्रीनगरहून झोजिला ओलांडून लेहपर्यंत गाड्या जाऊ लागल्या. झोजिला साडेतीन हजार मीटरवर आहे आणि हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फाखाली असायचा. म्हणून लडाखचं वर्ष दोन भागांत वाटलेलं. रस्ता उघडा असेपर्यंत धान्य, रॉकेल, दारूगोळा, औषधं ट्रकने वर चढवायची आणि मग बंद महिन्यांत ती पुरवून वापरायची. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर घुसखोर बसले तेव्हा खाली त्यांच्या टप्प्यात होता तो हाच रस्ता. ट्रक थांबला की लडाख थांबतं, हे शत्रूलाही माहीत होतं.

या रस्त्यावर लष्कराचा भार ज्याने वाहिला तो शक्तिमान ट्रक. जबलपूरला बनायचा, पण आराखडा जर्मनीच्या एमएएन कंपनीचा. एमएएनमधला ए म्हणजे ऑग्सबर्ग. डिझेलने ज्या कारखान्यात पट्टा लावून पहिलं इंजिन फिरवलं, त्याच कारखान्याचा हा वारसा लेहला येऊन पोचला होता.

माझे मामा सातारा जिल्ह्यातले, लष्करात आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी लेहकडे शक्तिमान चालवला. लढाईच्या गोष्टी ते सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात पहाटे तीनच्या. मुक्कामाला गाडी शक्यतो उतारावर लावायची, म्हणजे सेल्फने दगा दिला तरी गिअरमध्ये टाकून ढकलता येते. झोपण्याआधी रेडिएटरचा कॉक उघडून पाणी सोडायचं. बॅटऱ्या काढून आत, माणसांच्या शेजारी ठेवायच्या. पहाटे एकाने उठून पाणी तापवायचं. दुसऱ्याने ऑइल चेंबरखाली स्टोव्ह धरायचा, पण पाइपला आच लागू द्यायची नाही. मग सेल्फ मारताना तिसऱ्याने डिझेलमध्ये बुडवलेला जळता बोळा हवेच्या तोंडाशी धरायचा, म्हणजे इंजिन आत घेईल ती हवाच गरम.

“मामा, रोज रोज हे करायला कंटाळा नाही यायचा तुम्हाला?” मी एकदा विचारलं.

“कंटाळून कुणाला सांगशील? गाडी गार पडली की मढ्यागत पडती. तिला उठवायची म्हणजे आधी आपुन उठायचं. वर पोरं वाट बघत्यात, त्यांच्या पोटाला आपल्या झोपेशी काय देणंघेणं?”

हातमोजे काढून लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते, हे त्यांनी मला डाव्या हाताची दोन बोटं दाखवून सांगितलं. त्या बोटांच्या टोकांना आजही नीट समज नाही.

उंचीचा त्रास वेगळाच. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांश असतो. आधीच गार, त्यात विरळ. दाबायलाच हवा कमी, म्हणून दाबल्यावर मिळणारी ऊबही अपुरी. वरचा २१३ अंशांचा हिशेब समुद्रसपाटीचा धरला तरी तो उंबरठ्यावरच होता. इथे तो उंबरठ्याच्याही अलीकडे राहतो.

पंपावर आलेली ऊब

लष्करासाठी हिवाळी इंधनाची वेगळी सोय आधीपासून होती. पण लेहच्या, कारगिलच्या, काझाच्या सामान्य ट्रकवाल्याला, टॅक्सीवाल्याला पंपावर मिळायचं ते साधंच डिझेल. तो त्यात रॉकेल मिसळायचा, टाकीखाली शेकोटी करायचा, नाहीतर इंजिन चालू ठेवून झोपायचा. रॉकेलने डिझेल पातळ होतं खरं, पण पंपाच्या आणि नोझलच्या सूक्ष्म भागांना जे वंगण डिझेल पुरवतं ते कमी होतं. गाडी आज सुरू होते आणि पुढच्या वर्षी नोझलं बदलावी लागतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखमध्ये हिवाळी डिझेल विकायला सुरुवात केली. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. बातमी छोटी होती. तुमच्या-माझ्या मोबाइलवर ती सरकून गेलीही असेल. पण रस्ता लेहला पोचल्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेलं होतं. इतकी वर्षं जे काम रिफायनरीत व्हायला हवं होतं ते रस्त्याकडेला, अंधारात, स्टोव्ह हातात धरून माणसं करत होती. तंत्रज्ञान नव्हतं म्हणून असं झालं नाही. थंड देशांत हिवाळी डिझेल कैक दशकांपासून पंपावर मिळतं. आपल्याकडे ड्रायव्हरची झोप स्वस्त होती, एवढंच.

पुढच्याच वर्षी, गलवाननंतर, पूर्व लडाखमध्ये हजारो जास्तीच्या जवानांनी हिवाळा काढला. सोबत टी-७२ आणि टी-९० रणगाडे होते. या दोन्ही रणगाड्यांची इंजिनं मॉस्कोच्या बर्फात लढलेल्या त्या व्ही-२ चीच वंशज आहेत. टी-७२ मध्ये इंजिन तापवणारा हीटर आणि हवेच्या बाटल्या, दोन्ही आहेत. १९४१ चा धडा यंत्राच्या अंगात मुरलेला आहे.

आता डिझेलचे दिवस सरत आलेत असं आपण ऐकतो. येतील त्या इलेक्ट्रिक ट्रकना नोझल नाही, मेण धरणारं इंधन नाही. पण लिथियमची बॅटरी शून्याखाली गेली की तिला चार्ज करण्याआधी गरम करावी लागते, नाहीतर ती आतून खराब होते. म्हणजे तिलाही आधी ऊब लागणारच. ती खांबावरच्या प्लगमधून येईल का बॅटरीतल्या हीटरमधून, हे इंजिनियर ठरवतील. लडाखच्या रस्त्यांवर असे ट्रक आणताना हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जावा, पन्नास वर्षांनी नव्हे. नाहीतर कुणाचा तरी मामा पुन्हा पहाटे तीनला उठेल, आणि इतिहासात नोंद होईल ती फक्त गाडी वेळेवर पोचल्याची.